डूलाचे शुल्क देण्याआधी: मुंबईतील बाळंतपणासाठी सोबतीण ठरवताना

धाकट्या बहिणीला कळा सुरू झाल्या त्या रात्री तिची डूला, म्हणजे बाळंतपणात जवळ थांबून आधार देणारी सोबतीण, आमच्याही आधी रुग्णालयात पोहोचली होती. ठरलेले सर्व शुल्क आम्ही तिला दोन आठवड्यांपूर्वीच दिले होते आणि डॉक्टरीणबाईंनीही तपासणीच्या वेळी "येऊ द्या की, काही हरकत नाही" असे हसून सांगितले होते. प्रसूती कक्षाच्या दाराशी बसलेल्या वॉचमनने मात्र रजिस्टर पुढे सरकवले आणि एकच पास काढून दिला. एका पेशंटबरोबर एक माणूस, नवरा किंवा ती, काय ते ठरवा. रात्रपाळीच्या सिस्टरांना त्या तोंडी परवानगीची काहीच कल्पना नव्हती आणि पहाटे अडीच वाजता त्यासाठी डॉक्टरांना फोन लावायची कोणाची तयारी नव्हती. मेहुणे आत गेले. डूला बाहेरच्या स्टीलच्या बाकावर मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन सहा वाजेपर्यंत बसून राहिली. डॉक्टर आल्यावर तिला आत घेतले, तोवर बहिणीच्या कळांचा सर्वांत अवघड भाग उलटून गेला होता.

चूक डूलाची नव्हती, आणि वॉचमनची तर नव्हतीच. आम्ही पैसे कशासाठी देत आहोत हे आम्हांलाच नीट कळलेले नव्हते. त्यानंतर दोन मैत्रिणींसाठी आणि एका भाचीसाठी हीच चौकशी मी पुन्हा केली, तेव्हा एक गोष्ट पक्की झाली. डूलाच्या शुल्कात तिच्या प्रशिक्षणाचे मोल थोडे असते आणि ती तुमच्याजवळ सलग किती तास असेल याचे मोल फार मोठे असते. त्यामुळे किंमत रास्त आहे का, हे ठरवताना तिच्या प्रमाणपत्राच्या आधी या सलगपणात कुठे कुठे खंड पडू शकतो ते तपासावे लागते.

डूला म्हणजे कोण, आणि कोण नव्हे

डूला हा ग्रीक शब्द असून त्याचा मूळ अर्थ सेवा करणारी स्त्री असा आहे. प्रसूतीच्या वेळी बाईजवळ थांबून तिला शारीरिक आणि मानसिक आधार देणे एवढेच तिचे काम असते. ती सुईण नव्हे, कारण ती बाळंतपण करत नाही. रक्तदाब पाहणे, आतून तपासणी करणे, बाळाचे ठोके ऐकणे किंवा औषध देणे यांपैकी काहीही तिने करू नये. बाळंतिणीला तेल लावणारी, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी मावशीही वेगळी. तिचे काम प्रसूतीनंतर सुरू होते, तर डूलाचे तेव्हा संपत आलेले असते. आपल्याकडे हे दोन्ही एकाच पैशांत बसतील असे गृहीत धरले जाते आणि नंतर रुसवे होतात, म्हणून सासूबाईंना आणि आईला हा फरक आधीच समजावून सांगितलेला बरा.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. परिचारिकांची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते, तशी डूलांची नोंदणी करणारी कोणतीही वैधानिक परिषद भारतात नाही. त्यांची प्रमाणपत्रे खासगी प्रशिक्षण संस्थांची असतात. त्यामुळे पारख तुम्हांलाच करावी लागते.

अभ्यास काय सांगतात

या विषयातील सुरुवातीचा गाजलेला अभ्यास ग्वाटेमालातील एका गजबजलेल्या रुग्णालयात झाला आणि १९८० साली प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांजवळ शेवटपर्यंत एक सोबतीण होती, त्यांना दाखल झाल्यापासून प्रसूतीपर्यंत सरासरी ८.८ तास लागले. एकट्या असलेल्या स्त्रियांना १९.३ तास लागले. हा आकडा जाहिरातीत वापरायला फार सोयीचा आहे, परंतु त्यातील दोन तपशील सहसा सांगितले जात नाहीत. तेथील सोबतिणी प्रशिक्षित नव्हत्या, साध्या बायका होत्या. आणि ज्यांच्याशी तुलना केली त्या स्त्रिया अगदी एकट्या होत्या. खासगी खोलीत जिच्याजवळ नवरा आणि आई आळीपाळीने बसणार आहेत, तिला एवढा फरक पडेल असे त्यावरून म्हणता येत नाही.

कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली १७ देशांतील २६ अभ्यासांमधील १५,८५८ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली. सलग सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये सिझेरियनचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले, कळांचा काळ साधारण ४० मिनिटांनी घटला आणि प्रसूतीच्या अनुभवाबद्दल नाराजी कमी दिसली. हा पुरावा कमी खात्रीचा आहे, असेही त्याच आढाव्यात म्हटले आहे. सोबतीमुळे अपाय झाल्याचे मात्र दिसले नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक शिफारशींत प्रत्येक स्त्रीला प्रसूतीच्या काळात तिच्या पसंतीची सोबत मिळावी असे म्हटले आहे. पसंतीची सोबत म्हणजे पैसे देऊन आणलेली डूलाच, असे त्या शिफारशीत कोठेही नाही.

पहिली पायरी: आधी दार उघडते का ते पाहावे

बहुतेक जोडपी आधी डूला शोधतात, तिच्याशी सूर जुळला की आगाऊ रक्कम देतात आणि मग डॉक्टरांना कळवतात. हा क्रम उलटा करावा. रुग्णालयाची परवानगी मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नये.

पाचव्या महिन्याच्या आसपास डॉक्टरांना विचारावे, आणि नुसते "चालेल का" असे विचारू नये. प्रसूती कक्षात एकावेळी किती माणसे थांबू शकतात. नवरा आणि डूला दोघेही एकत्र थांबू शकतात की आळीपाळीने. रात्री दोन वाजता दाखल झालो तर हा निर्णय कोण देते. तुम्ही त्या दिवशी गावाला गेला असाल आणि तुमच्या जागी दुसरे डॉक्टर आले तर त्यांनाही हे मान्य असेल का. शस्त्रक्रियेची वेळ आली तर डूलाला थिएटरच्या बाहेर थांबावे लागेल का. यातला शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण तो विचारलाच पाहिजे, कारण बहुतेक ठिकाणी थिएटरमध्ये तिला प्रवेश मिळत नाही आणि मिळालाच तर तो एकाच माणसाला मिळतो.

मिळालेले उत्तर कागदावर यावे. त्यासाठी वकिली मसुदा लागत नाही. डॉक्टरांच्या केसपेपरवर "प्रसूतीच्या वेळी पतीबरोबर डूला उपस्थित राहील" एवढी एक ओळ, तिचे नाव, डॉक्टरांची सही आणि तारीख पुरते. त्याच्या दोन झेरॉक्स काढाव्यात, एक रुग्णालयाच्या बॅगेत ठेवावी आणि दुसरी प्रसूती विभागाच्या मुख्य सिस्टरांना नेऊन दाखवावी. भाचीच्या वेळी आम्ही हेच केले. दाराशी पुन्हा तोच एक पासाचा प्रश्न उभा राहिला, कागद पुढे केला आणि दोन मिनिटांत दुसरा पास मिळाला.

डॉक्टर नाखूश दिसले तर त्यांच्याशी हुज्जत घालू नये, पण त्याचा अर्थ मात्र समजून घ्यावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीनुसार देशात खासगी संस्थांमधील ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. सरकारी संस्थांमध्ये हे प्रमाण १४.३ टक्के होते. डूलाने कळांच्या वेळी कमरेवर दिलेल्या नुसत्या दाबाने हा फरक भरून निघणारा नाही. रुग्णालयाचे धोरण, डॉक्टरांची सवय आणि तुमची स्वतःची प्रकृती यांपुढे डूलाचा प्रभाव मर्यादितच राहतो. नैसर्गिक प्रसूतीची शक्यता वाढवण्यासाठीच खर्च करायचा असेल, तर दोन-तीन डॉक्टरांना भेटून त्यांच्याकडील सिझेरियनचे प्रमाण विचारण्यात जाणारे शुल्क आणि वेळ यांचे चीज जास्त होते.

महापालिकेच्या प्रसूतिगृहांत किंवा परळ, शीव, मुंबई सेंट्रल येथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत नाव घातले असेल तर चित्र वेगळे असते. केंद्र सरकारने २०१६ साली सार्वजनिक संस्थांमध्ये प्रसूतीच्या वेळी सोबतीला परवानगी दिली, पण ती सोबतीण नात्यातील स्त्री असावी आणि शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, असे त्यात म्हटले आहे. जेथे खासगीपणा राखण्याची सोय आहे तेथे नवऱ्यालाही थांबता येते. पैसे देऊन आणलेल्या बाहेरच्या बाईला या चौकटीत सहसा जागा होत नाही. अशा कुटुंबांनी डूलाच्या शुल्काचा विचार सोडून द्यावा आणि थेट शेवटच्या भागाकडे वळावे.

दुसरी पायरी: आकड्याची फोड करावी

बहिणीच्या वेळी पाच जणींनी आम्हांला सांगितलेले आकडे २५,००० पासून ७५,००० रुपयांपर्यंत पसरलेले होते. ऐकताना पहिली स्वस्त आणि शेवटची महाग वाटते. पण फोड केल्यावर लक्षात आले की सर्वांत स्वस्त प्रस्तावात डूला रुग्णालयात बारा तासच थांबणार होती आणि त्यानंतर दर तासाला वेगळे पैसे होते, तर मधल्या एका प्रस्तावात तासांना मर्यादाच नव्हती. पहिल्या खेपेला कळा सुरू होऊन बाळ हाती येईपर्यंत बारा तास सहज ओलांडले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मांडणीत गर्भाशयाचे तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यानंतरचा सक्रिय टप्पाच पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतो, आणि त्याआधीच्या टप्प्याला ठरावीक मुदतच नाही.

हिशेबापुरते समजा, शुल्क ४५,००० रुपये आहे. त्यात प्रसूतीपूर्वी दोन-दोन तासांच्या दोन भेटी, प्रसूतीच्या वेळचे चौदा तास, नंतरची दोन तासांची एक भेट, फोनवरचे मिळून चार तास आणि चार फेऱ्यांचा जाण्यायेण्याचा अडीच-अडीच तासांचा प्रवास धरला, तर ३४ तास होतात. ती येऊ शकली नाही तर तिच्याऐवजी येणाऱ्या पर्यायी डूलाला द्यायचे पैसे आणि रात्रीची टॅक्सी यांसाठी ७,००० रुपये वजा केले, तर तिच्या हाती तासाला सुमारे १,१०० रुपये पडतात. आकडा अजूनही भरघोस वाटेल. पण ३८ व्या आठवड्यापासून ४२ व्या आठवड्यापर्यंत, म्हणजे चार आठवडे, ती मुंबईबाहेर जाऊ शकत नाही, लग्नाला गेली तरी फोन हातात असतो, आणि तारखा एकमेकींवर येऊ नयेत म्हणून महिन्याला दोन-तीनपेक्षा जास्त बाळंतपणे तिला प्रामाणिकपणे घेता येत नाहीत. तुम्ही मुख्यतः तिच्या या अडकून राहण्याचे पैसे देत असता. म्हणूनच जी डूला त्याच पंधरवड्यात आणखी चार बायकांना होकार देऊन बसली आहे, तिचे कमी शुल्क हे स्वस्त नसून अपुरे असते.

घासाघीस करायची असेल तर ती वगळता येण्याजोग्या गोष्टींवर करावी. फोटो काढणे, बाळाच्या पावलांचे ठसे, आहाराचा तक्ता, प्रसूतिपूर्व वर्गांचे पॅकेज, हे सर्व काढून टाका आणि उरलेल्याची किंमत विचारा. थांबण्याचे तास आणि पर्यायी डूला या दोन गोष्टींत मात्र काटछाट करू नये. प्रशिक्षण घेत असलेल्या डूला बऱ्याच कमी शुल्कात येतात, आणि त्यांच्यामागे एखादी अनुभवी डूला फोनवर उपलब्ध असेल तर माझ्या मते तो चांगला सौदा आहे.

हा खर्च विम्यातून निघेल असे धरून चालू नये. मातृत्वाचे संरक्षण असलेल्या पॉलिसीही रुग्णालयाच्या बिलासाठी असतात. बाहेरून आणलेल्या सोबतिणीचे शुल्क त्यात सहसा बसत नाही. नोकरीच्या ठिकाणची गट पॉलिसी असेल तर एचआरला ईमेल करून विचारून घ्यावे.

तिसरी पायरी: मुलाखत

सातव्या महिन्यापर्यंत दोघी-तिघींना प्रत्यक्ष भेटावे, आणि भेटीला नवऱ्यालाही न्यावे. पहिला प्रश्न ती कुठे राहते हा असावा. मुंबईत हा प्रश्न अनुभवाच्या वर्षांइतकाच महत्त्वाचा आहे. रात्री साधारण एक ते चार या वेळात लोकल नसतात. विरारला राहणारी डूला मुलुंडच्या रुग्णालयात त्या वेळी कशी पोहोचणार, हे तिने स्वतः सांगितले पाहिजे. तारीख जुलै-ऑगस्टमधली असेल तर हिंदमाता किंवा अंधेरीचा सबवे तुंबल्यावर ती काय करते ते विचारावे. परळ-लालबाग भागातील रुग्णालय असेल आणि तारीख गणेशोत्सवात येत असेल, तर अनंत चतुर्दशीच्या दिवशी ती आणि तुम्ही दोघेही कोणत्या रस्त्याने येणार याचा विचार आधीच करावा. "मॅनेज करू" हे उत्तर पुरेसे नाही. आमच्या भाचीची डूला म्हणाली होती की मुसळधार पावसाचा इशारा असला की ती रुग्णालयाजवळच्या आपल्या आत्याकडे मुक्कामाला जाते. तिला आम्ही तिथेच होकार दिला.

मग पर्यायी डूलाचे नाव विचारावे, आणि शक्य असल्यास तिच्याशीही एकदा बोलून घ्यावे. तिला तुमचा केसपेपर माहीत नसेल तर ऐन वेळी येणारी ती एक अनोळखी बाईच असेल, आणि परवानगीच्या कागदावरही तिचे नाव लागेल.

त्यानंतर तिला तिचे मागील काम सांगायला लावावे. एपिड्युरल, म्हणजे कळांची वेदना कमी करणारे पाठीतले इंजेक्शन, घेतलेल्या बाईजवळ तुम्ही काय करता, हा माझा आवडता प्रश्न आहे. चांगली डूला कूस बदलायला मदत करणे, पायांमध्ये उशी देणे, झोप लागू देणे, नवऱ्याला चहा प्यायला पाठवणे असे काहीतरी ठोस सांगते. जी एपिड्युरल न घेण्याचे फायदे सांगू लागते, तिला पेशंटपेक्षा आपले मत जवळचे आहे असे समजावे. नॉर्मलची हमी देणारी, डॉक्टरांचे औषध थांबवायला सांगणारी, घरीच बाळंतपण करू असे सुचवणारी किंवा पहिल्याच भेटीत तेलाच्या बाटल्या विकायला काढणारी, या चौघींना चहा पाजून निरोप द्यावा.

एक गोष्ट तिच्याकडून स्पष्टपणे वदवून घ्यावी. अंगावरून रक्त जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, पाणी जाणे आणि त्याचा रंग हिरवट असणे, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही झाले तर पहिला फोन रुग्णालयाला जाईल, डूलाला नंतर. हे तिने तुमच्या आधी सांगितले तर बाई जाणकार आहे.

चौथी पायरी: लिखापढी

करार एका पानाचा असला तरी चालतो. त्यात ती किती आठवडे बांधील आहे, तुम्ही फोन केल्यापासून किती वेळात पोहोचेल, किती तास थांबेल आणि तिच्याऐवजी कोण येईल, हे असावे. पैसे हप्त्यांनी द्यावेत: निम्मे ठरवताना, थोडे ३७ व्या आठवड्यात आणि उरलेले प्रसूतीनंतरच्या भेटीच्या वेळी. आम्ही सगळे आधीच देऊन टाकले होते, त्यामुळे त्या बाकावरच्या साडेतीन तासांबद्दल बोलायला जागाच उरली नाही. खरे सांगायचे तर ते साडेतीन तास ती जागीच होती आणि तिने आपले काम नाकारले नव्हते, तेव्हा तिचे पैसे कापणे अन्यायाचेच झाले असते. पण रुग्णालयाने प्रवेश नाकारला तर काय, नियोजित सिझेरियन ठरले तर काय, ती पोहोचण्यापूर्वीच बाळ जन्मले तर काय, या तीनही प्रसंगी किती रक्कम परत मिळेल हे लिहिलेले असले की मनात किल्मिष राहत नाही.

पैसे ऑनलाइन द्यावेत आणि पावती घ्यावी. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी बंधनकारक नसते, म्हणून एकट्या डूलाने बिलावर जीएसटी लावला असेल तर नोंदणी क्रमांक विचारायला हरकत नाही.

पैसे कोणी द्यावेत, कोणी देऊ नयेत

नवरा जहाजावर आहे, माहेर गडचिरोलीला आहे, आधीचे बाळंतपण मनावर ओरखडा ठेवून गेले आहे, किंवा घरात असलेली माणसे कळा पाहून स्वतःच घाबरणारी आहेत, अशा घरांत हा खर्च मला योग्य वाटतो. खासगी रुग्णालयात वरच्या दर्जाची खोली घेतली की बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांचे शुल्कही वाढते; ती खोली सोडून साधी खोली आणि डूला असा पर्याय निवडलेल्या मैत्रिणीला त्याचा पश्चात्ताप झाला नाही. याउलट वार खाली असल्यामुळे किंवा अन्य कारणाने सिझेरियन आधीच ठरले असेल, तर प्रसूतीपेक्षा त्यानंतरच्या पंधरा दिवसांसाठी घरात मदतीची बाई ठेवणे अधिक उपयोगाचे. कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर तर डूला कधीही ठेवू नये.

आणि ज्यांना परवानगी नाही किंवा पैसे नाहीत, त्यांनी घरातील एक माणूस तयार करावा. ग्वाटेमालातील त्या बायकाही अप्रशिक्षितच होत्या. ओरडा ऐकून न गांगरणारी, फोन बाजूला ठेवू शकणारी आणि "आमच्या वेळी तर" ने वाक्य सुरू न करणारी एखादी मावशी, काकू किंवा जाऊ निवडावी. सार्वजनिक रुग्णालयाच्या अटींप्रमाणे तिने स्वच्छ कपडे घालावेत, तिला संसर्गजन्य आजार नसावा, तिने शेवटपर्यंत थांबायला तयार असावे आणि कर्मचाऱ्यांच्या कामात लुडबूड करू नये. एखाद्या डूलाकडून फक्त एका सत्राचे पैसे देऊन तिला चार गोष्टी शिकवून घेता येतात.

आमच्या मैत्रिणीच्या काकूंनी तसेच केले. पलंगाच्या कडेला खुर्ची उलटी ठेवायची, गरोदर बाईने खुर्चीच्या पाठीवर हात टेकून पुढे झुकायचे आणि कळ आली की माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर तळहाताची टाच ठेवून, कोपर न वाकवता, शरीराचे वजन टाकत सरळ दाबायचे. कळ ओसरली की हळूहळू सोडायचे. चोळायचे नाही. काकू सुरुवातीला चोळतच होत्या, कारण आयुष्यभर त्यांनी पाठ चोळूनच दिली होती. तीन संध्याकाळी सरावाला गेल्या. दोन कळांच्या मधे घोट-घोट पाणी देणे, तासाभराने लघवीला नेणे आणि दर वेळी "किती उघडलंय" असे सिस्टरांना न विचारणे, हे त्यांनी वहीत लिहून घेतले होते, आणि ती वही त्यांनी डिंकाच्या लाडवांच्या डब्याबरोबर पिशवीत आधीच भरून ठेवली होती.